कव्हर याचं, रेकॉर्ड त्याची

पेंटरला या सगळ्यातून मिळणार होत्या चारशे बारा रेकॉर्डी. कव्हरं त्याच्याकडे होतीच, तीही चारशे बारा. म्हणजे फायदा निम्म्याचाच. पण हा निम्मा असा, की तो नसला तर हातातला निम्मा मुका. बदल्यात गमवायचा होता एक मित्र. आणि मित्राचं म्हणाल तर त्याचे कान चालले होते, त्यामुळे पेंटरच्या लेखी तोही निम्माच उरला होता. एकूण व्यवहार काही वाईट दिसत नव्हता.

व्यवहार तसा सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा. पेंटर तेव्हा एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली ब्रश धुवायचा, आणि कंपाउंडर औषधांच्या दुकानात बाटल्या. दोघांना रॉकचं वेड लागलं ते एकाच दिवशी, एकाच दुकानाच्या दारात उभं राहून. गिटार अशी की दाढेत कळ यावी, ड्रम असा की खिडकीच्या काचांनी साथ धरावी. दोघांनी निम्मे निम्मे घालून पहिली रेकॉर्ड घेतली. कव्हरवर ओसाड माळ आणि मधोमध एक जळती खुर्ची. दुकानाच्या पायरीवरच भांडण पेटलं, की न्यायची कुणाच्या घरी?

प्लेअर कंपाउंडरच्या घरी होता, त्याच्या मामाने मागे टाकलेला. लाकडी खोक्याचा, दोन माणसांनी उचलावा असा.

"वाजणार माझ्याकडे, तर राहणार माझ्याकडे," कंपाउंडर म्हणाला.

"आणि मी काय नुसता वास घेऊन घरी जाऊ?" पेंटर म्हणाला.

शेवटी तोड निघाली. रेकॉर्ड कंपाउंडरने ठेवायची, पांढऱ्या साध्या पाकिटात. कव्हर पेंटरने न्यायचं. कव्हर खोलीत असल्याशिवाय रेकॉर्डवर सुई टेकवायची नाही, आणि पेंटरने दुसरीकडे कुठे ऐकायचं नाही. खुर्चीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला पेंटरने नुकत्याच जमू लागलेल्या अक्षरात लिहिलं, 'जो आधी ऐकायचा थांबेल त्याचा निम्मा दुसऱ्याचा.' खाली दोन सह्या. सतराव्या वर्षी ऐकायचं थांबणं म्हणजे काय, तर लग्न करणं, नाहीतर मरणं. दोन्हींत त्यांना फारसा फरक वाटत नव्हता.

कंपाउंडरने लग्न केलं, पण थांबला नाही. पेंटरने केलंच नाही. सत्तेचाळीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता पेंटर सात कव्हरं कापडी पिशवीत घालून यायचा. कोणती सात ते तो ठरवायचा, पाळीपाळीने, एकाही कव्हरवर अन्याय होणार नाही असं. कंपाउंडर कपाटातून नेमक्या सात तबकड्या काढायचा. वहिनी, म्हणजे कंपाउंडरची बायको, चहा ठेवून स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायच्या. "तुमचा आरडाओरडा संपला की हाक मारा," एवढंच त्यांचं त्या संगीताबद्दलचं मत.

पेंटरला कंपाउंडरच्या कानांचा पहिला संशय आला तो दोन वर्षांपूर्वी. 'निळा बैल' नावाने दोघांत ओळखली जाणारी रेकॉर्ड वाजत होती. कंपाउंडरने मान तिरकी केली.

"खरखरतंय का रे?"

"कुठे काय? काचेसारखं स्वच्छ आहे."

"नाही, असं वाटलं. सुई बदलावी का?"

"कान बदल," पेंटर म्हणाला, आणि दोघे हसले. कंपाउंडर जरा कमी हसला.

पुढचे दोन-तीन महिने तो दर रविवारी तेच विचारायचा, आणि पेंटर तेच सांगायचा. बोर्ड रंगवताना शिडीवरून खालच्या गल्लीतलं कुजबुजणं ऐकल्याच्या बढाया पेंटरने जन्मभर मारल्या होत्या. दोघांत चांगला कान त्याचा, हे कधीचं ठरून गेलेलं. मग कंपाउंडरने विचारणंच सोडलं. सुई मधेच उडायला लागली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावर एक नाणं चिकटवलं. काही महिन्यांनी दुसरं. "आता बसली बघ घट्ट," तो म्हणाला. पेंटरने मान डोलावली.

पण त्याच सुमाराला कंपाउंडरचे कान खरंच बसू लागले. आधी फोन ऐकू येईना, मग वहिनी. वहिनींनी बाजारातून पाटी-खडू आणला. रविवारी तो आता खुर्ची प्लेअरला चिकटवून बसायचा, डोळे मिटून, तळहात लाकडी खोक्यावर पालथा ठेवून. ड्रम त्याच्या मनगटातून चढायचा. पेंटरला हे समजत होतं बरं का. न समजण्याइतका तो भोळा नव्हता. हात खोक्यावर आहे तोवर हा माणूस ऐकतोय, आणि हात उचलला की नाही, हे त्याने अचूक हेरलं होतं.

म्हणून त्या रविवारी त्याने चहाचा कप कंपाउंडरच्या दोन्ही हातांत दिला. काठोकाठ भरलेला.

मग त्याने स्वयंपाकघराचं दार वाजवलं. "वहिनी, जरा बाहेर या. गंमत दाखवतो."

वहिनी हात पुसत आल्या. 'जळती खुर्ची'च वाजत होती, दुसरी बाजू, सगळ्यात लांब गाणं. कंपाउंडर डोळे मिटून, कप सांभाळत, पाय हलवत बसला होता. पेंटरने बटण हळूच फिरवलं आणि आवाज शून्यावर आणला. खोलीत नुसती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. कंपाउंडरचा पाय हलतच राहिला.

"बघा," पेंटर म्हणाला. "याला पत्ताच नाही."

"भावजी, कशाला हो..."

"बघा तर खरं."

चार मिनिटं तो पाय हलला. मधे एकदा थांबला, दोन ठोके थबकला आणि पुन्हा सुरू झाला. शेवटी टाच दोनदा आपटून शांत झाला. पेंटरने सुईकडे पाहिलं. ती त्याच क्षणी गाण्याच्या शेवटच्या रेघेतून बाहेर पडली होती. ना मागे, ना पुढे. ही गोष्ट पेंटरने पाहिली, आणि कुणाला सांगितली नाही. त्याच्या बाजूने ती काही कामाची नव्हती.

कंपाउंडरने डोळे उघडले तेव्हा दोघे त्याच्याकडे बघत होते. त्याने बटणाकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. पेंटरने पिशवीतून खुर्चीचं कव्हर काढलं, आत बोट घालून उघडं केलं आणि सतराव्या वर्षाच्या अक्षरावर ठेवलं.

"म्हणजे कधी नेतोस?" कंपाउंडरने विचारलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

न्यायला तीन खेपा लागल्या. कंपाउंडरने स्वतः खोकी भरली. एकही रेकॉर्ड आडवी ठेवू दिली नाही, सगळ्या उभ्या, मधे पुठ्ठे. टेम्पोवाल्याला म्हणाला, "खड्डे चुकव, बाबा. आत चारशे बारा जणं उभी आहेत." शेवटचं खोकं चढल्यावर त्याने पेंटरची बाही धरली.

"रविवारी येऊ?"

पेंटरने पाटीवर लिहिलं, 'तुला काय ऐकू येणार आहे?'

"ऐकायला नाही. हात ठेवायला."

पेंटरने पुसून पुन्हा लिहिलं. बोर्डाचा हात, प्रत्येक अक्षर गोलाईत, शिरोरेषा अगदी सरळ. 'मी नवीन मशीन घेतोय, त्याला लाकडी खोकं नाही.'

"हां," कंपाउंडर म्हणाला. "मग जाऊ दे."

नवीन मशीन बसवायला मेकॅनिक बाई आली. तिशीची, डोक्याला दिव्याचा पट्टा आणि खिशात भिंग. तिने मशीन पाणसळीने सपाट केलं, सुईचं वजन तोललं. पेंटर राजासारखा खुर्चीत बसला होता. समोरच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर कव्हरं, आणि जन्मात पहिल्यांदा प्रत्येक कव्हराच्या पोटात त्याची त्याची तबकडी.

"लावा 'निळा बैल'," त्याने हुकूम सोडला.

गिटार सुरू झाली. पेंटरने डोळे मिटले. काचेसारखं स्वच्छ.

बाईने सुई उचलली. दुसरी रेकॉर्ड लावली, तीही उचलली. तिसरी. मग भिंग काढून तिने तबकडी उजेडात तिरकी धरली.

"काका, या कशाने वाजवल्या? नांगराने?"

"म्हणजे?"

"सगळ्या सोलल्यात. झिजलेली सुई, वर भलतंच वजन. खाचांच्या भिंतीच उरल्या नाहीत. वरचे सगळे सूर गेलेत."

"सगळ्या एकदम कशा जातील?"

"एकदाच वाजवली तरी पुरतं, सुई तशी असली तर." तिने चार फळ्यांवरून आणखी आठ-दहा काढल्या आणि तेवढ्याच परत सरकवल्या. "गाण्यापेक्षा खरखर जास्त आहे, काका."

पेंटरने मनातल्या मनात मांडलं. दर रविवारी सात. दोन वर्षांचे रविवार शंभरावर. सातशेच्या वर वेळा ती सुई टेकली होती, आणि पाळी चुकू नये म्हणून पिशवी भरणारा तो स्वतः होता. सुटली अशी एकही नव्हती.

"कसली खरखर?" त्याने विचारलं.

बाईने त्याच्याकडे पाहिलं. रेकॉर्ड पुन्हा लावली, आवाज वाढवला. "ही."

"कुठली?"

"ही काय, तळणीत पाणी पडल्यासारखी. ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येते की," पेंटर म्हणाला. "न यायला काय झालं."

रविवारी नऊ वाजता तो कंपाउंडरच्या घरी हजर झाला. पिशवी रिकामी. प्लेअरच्या खोक्यावर वहिनींनी शिलाई मशीन चढवलं होतं. पेंटरने नमस्कार-चमत्कार न करता पाटी ओढली आणि बोर्डावर मालकाचं नाव लिहावं तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'तू सगळ्या घासून टाकल्यास. ४१२. झिजकी सुई.' तळाला रेघसुद्धा ओढली.

कंपाउंडरने वाचलं. त्याचा चेहरा असा उतरला की पेंटरला बरं वाटलं. आल्याचं काहीतरी सार्थक झालं. कंपाउंडरने पाटी खाली ठेवली.

"तुला कसं कळलं?"

"ऐकू आलं," पेंटर ओरडला. "खरखर! कान आहेत मला!"

एवढं मात्र कंपाउंडरला पोचलं. त्याने पाटी पुन्हा वाचली. औषधाच्या चिठ्ठीत डॉक्टरची चूक सापडली की तो ती अशीच दुसऱ्यांदा वाचत असे.

"मग तेव्हा का नाही आलं?"

"कधी?" पेंटर पुन्हा ओरडला.

"दोन वर्षांपूर्वी. 'निळा बैल'. मी विचारलं, खरखरतंय का. तू म्हणालास, काचेसारखं स्वच्छ. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मला चांगली ऐकू येत होती रे तेव्हा. मला वाटलं माझ्याच कानात आहे. चांगला कान तुझा, म्हणून सुई नाही बदलली. नवी आणून ठेवली होती, या ड्रॉवरमध्ये आहे अजून."

"तेव्हा नसेल..."

"होती हो भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या. "मला तर दार लावूनसुद्धा यायची. दोन वर्षं. मला वाटायचं, तुमची गाणीच तशी."

पेंटरने तोंड उघडलं आणि मिटलं. कंपाउंडरला शब्द पोचले नव्हते, पण ते तोंड दिसलं. त्याने पाटी स्वच्छ पुसली.

"म्हणजे आधी तू थांबलास," तो म्हणाला. "माझ्या आधी. तारीख लावून सांगू का?"

"अहो, आता कशाला," वहिनी म्हणाल्या.

"त्याने करार काढला होता ना?" कंपाउंडर वहिनींचे ओठ वाचून म्हणाला, आणि पेंटरकडे वळला. "कव्हरं कधी आणून देतोस?"

पेंटरने पाटी हिसकावली. 'तू कागदाचं काय करणार?'

"डोळे शाबूत आहेत माझे." कंपाउंडर हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "रेकॉर्डी तुझ्याकडेच राहू देत. कराराने त्याही माझ्याच, पण मी त्यांचं काय करू? तुला त्या स्वच्छ वाजतात ना? वाजव."

कव्हरं एका खेपेत गेली. रिकामी असली की ती हलकी असतात. टेम्पोवाल्याने विचारलं, "आजोबा, आज कुणी उभं नाही?" खुर्चीचं कव्हर त्याने सगळ्यात खाली घातलं, अक्षर आत.

आता रविवारी नऊ वाजता कंपाउंडर सात कव्हरं काढतो, एक मांडीवर घेतो आणि डोळे मिटतो. वहिनी शिवत असतात. त्याचा पाय हलतो, मधे दोन ठोके थबकतो, आणि टाच दोनदा आपटून थांबतो. एका बाजूला लागतात तेवढीच मिनिटं लागतात.

पेंटरकडे पांढरी पाकिटं आहेत, सगळी सारखी. तबकड्यांवरची नावं वाचणं हे जन्मभर कंपाउंडरचं काम, त्यामुळे कुठली खुर्ची आणि कुठला बैल हे त्याला लावल्यावरच कळतं. लावतो. काचेसारखं स्वच्छ वाजतं. पण गाणं त्याने केव्हाच सोडून दिलंय. तो पुढे वाकून, कान स्पीकरला लावून ती खरखर शोधत बसतो. खालच्या मजल्यावरची बाई दर रविवारी दार वाजवून सांगते की खरखर आहे.

तेव्हा जमाखर्च असा. रेकॉर्डी चारशे बारा, सोललेल्या. कव्हरं चारशे बारा, पोटं रिकामी. कंपाउंडरचे कान गेले, ते तसेही जाणारच होते. गाणी त्याच्या पायात शिल्लक आहेत. वहिनींना खोकं मिळालं आणि रविवारची सकाळ मिळाली, त्या फायद्यात. ड्रॉवरमधली सुई अजून नवी आहे. बाकी सगळं पेंटरच्या नावावर, आणि ते तो दर आठवड्याला नऊ वाजता, सात हप्त्यांत फेडतो.