वांगी रंगाचा डबा

मी रंगारी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवतोय, आणि मी रंगवलेल्या भिंतीवर ब्रशचा एक जरी केस चिकटलेला कुणी दाखवला तर मी त्याच दिवशी धंदा सोडीन. बायको याला बढाई म्हणते. म्हणू दे.

उरलेला रंग मात्र मला टाकवत नाही. काम संपलं की डब्याच्या तळाशी चार बोटं रंग राहतोच. घरमालक म्हणतात, घेऊन जा. मी घेऊन येतो. त्यामुळे आमचं स्वयंपाकघर दवाखान्याच्या हिरव्या रंगाचं, बैठकीची खोली शाळेच्या पिवळट रंगाची, आणि झोपायच्या खोलीच्या दोन भिंती एका वकिलाच्या तर दोन एका दंतवैद्याच्या. दर वेळी डबा खाली ठेवताना मी बायकोला एकच वाक्य ऐकवत आलो, "उरलेला आहे, पण चांगला आहे." ती मान डोलवायची. मला वाटायचं, पटतंय.

बायको छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामाला होती. गेल्या महिन्यात निवृत्त झाली. निरोपाला काय हवं असं विचारल्यावर तिने घड्याळ मागितलं नाही, शाल मागितली नाही. दुरुस्तीला येऊन येऊन जीर्ण झालेलं एक चित्रांचं पुस्तक मागून घेतलं. त्यात जुन्या गॉथिक घरांची चित्रं होती. टोकदार कमानी, अंधाऱ्या रंगाच्या भिंती, रंगीत काचांच्या खिडक्या, उंच पाठीच्या खुर्च्या. तीस वर्षांत ते पुस्तक तिने तीनदा शिवलं होतं आणि तिन्ही वेळा लागायला हवा त्याहून जास्त वेळ लावला होता. ते टेबलावर उघडून ठेवत ती म्हणाली की आपलं घर असं करायचं.

मी हसलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, स्टुलावर चढलो की छत डोक्याला लागतं. यात राजवाडा कुठे कोंबणार? तिने वही काढली. प्रत्येक भिंतीचं माप त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे बाईसाहेबांचं सगळं आधीच ठरलं होतं, मला फक्त कळवण्यात येत होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. हा माझा मेहुणा सुतार आहे. कोपरा दिसला की खिशातून गुण्या काढून काटकोन तपासतो, म्हणून सगळे त्याला गुण्याच म्हणतात. ज्या माणसाचं सगळं आयुष्य काटकोनात गेलं त्याला तिने टोकदार कमान करायला सांगितली. त्याने प्लायवर पेन्सिलने हातानेच काहीतरी काढलं. ते उलट्या टांगलेल्या कांद्यासारखं दिसत होतं. मग बायकोने दोन खिळे मागितले आणि शिवायचा दोरा आणला. खिळे दाराच्या रुंदीइतक्या अंतरावर ठोकले, तेवढाच दोरा घेऊन आधी एका खिळ्याभोवती कंस काढला, मग दुसऱ्याभोवती. दोन्ही कंस वर जिथे भेटले तिथे कमानीचं टोक अचूक आलं. गुण्याने तोंडात बोटं घातली. मग सवयीने गुण्या काढला आणि तो कुठे लावावा हे न सुचून परत खिशात ठेवला. आम्ही तिघं इतके हसलो की वरच्या मजल्यावरची शिंपीण खाली बघायला आली.

शिंपिणीचा स्वभाव मी सांगायला नको, तिच्या पहिल्याच प्रश्नावरून कळेल. तिने विचारलं, वटवाघळं विकत आणणार की ती आपणहून येतील? तरी मखमलीचे पडदे शिवायचं काम तिने घेतलं. बायकोने रंगीत जिलेटीन कागद कापून, मध्ये काळ्या पट्ट्या चिकटवून खिडकीची काच तयार केली. दुपारचं ऊन आलं की फरशीवर लाल-निळे तुकडे पडायचे आणि ती त्यात पाय बुडवून चहा प्यायची. खरं सांगतो, तिला इतकं खूश मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

राहिला रंग. त्याचं काम अर्थातच माझ्याकडे. ती एका रात्रीसाठी बहिणीकडे निघाली तेव्हा दारातून तिने बजावलं, बैठकीच्या खोलीसाठी दुकानातून छान गडद रंग आणा, आणि मी येईपर्यंत भिंती करून ठेवा. मी हो म्हणालो. ती गेली आणि मी मागच्या पडवीत गेलो. तिथे माझे सतरा अर्धेमुर्धे डबे होते. ते बघून माझ्या मनात काय आलं असेल हे रंगाऱ्याच्या बायकोला कुणी विचारावं.

मी म्हटलं, सगळे एकत्र केले आणि वर काळा स्टेनर ओतला, की झाला गडद. तेलरंगाचे डबे बाजूला काढले, पाण्यातले सगळे एका टबात रिचवले. इतकी अक्कल मला आहे. दुपारपर्यंत दोन भिंती झाल्या आणि टब संपला. मग दुसरा टब कालवला. पहिल्याशी रंग जुळतोय की नाही ते मी नुसत्या नजरेने ठरवलं, कारण माझी नजर म्हणजे माझी नजर. ओला होता तोवर सगळा सारखा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळला तेव्हा भिंतींवर ढगाळलेले पट्टे उठले होते. एक राखाडी, एक मातकट, एक धड कशातच नाही असा.

तेवढ्यात बायको आली. पिशवी खांद्यावरच ठेवून तिने भिंत पाहिली. मी घाईघाईने म्हणालो की दुकानदाराने मिसळूनच असा दिला. चाळीस वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं धडधडीत खोटं, आणि तेही रंगाबद्दल.

ती पुढे झाली. खिडकीखाली वाकली आणि तिथल्या बोटभर रेघेवर नख ठेवलं. डब्याच्या तळाचा घट्ट गोळा नीट ढवळला गेला नव्हता, तो तिथे फासला गेला होता.

"हा दवाखान्याचा हिरवा आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं या हिरव्यासमोर भांडी घासली मी. ओळखणार नाही का?"

माझं पितळ उघडं पडलं. मी म्हणालो की रंग चांगलाच होता, वाया गेला असता. ती म्हणाली, "अहो, गडद झाला काय आणि फिका झाला काय. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक नवा डबा फोडला नाहीत तुम्ही. मला तो फोडलेला बघायचा होता."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. तिने चहा केला, मला दिला, आणि ते चित्रांचं पुस्तक उचलून कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. गुण्याला निरोप पाठवला की कमान बसवायची घाई नाही. खिडकीतून ऊन आलं, फरशीवर लाल-निळे तुकडे पडले, आणि ती त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात गेली.

तो वळसा मला सहन झाला नाही. मला एकदम दिसलं की मी वाचवत आलो लोकांचा रंग, आणि खर्ची घालत आलो हिची हौस. मला स्वतःचा संताप आला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"चल, चप्पल घाल," मी म्हणालो. "चूक माझी आहे. दुकानात जाऊ."

रंगाचा दुकानदार मला तीस वर्षं ओळखतो. मी दिसलो की तो नेहमीचं विचारतो तेच त्याने विचारलं, कुणाचं काम?

"घरचं," मी म्हणालो. त्याने मान वर करून पाहिलं. "आणि रंग यांना विचार. मी आज बोलणार नाही."

दुकानदाराने शेडकार्ड तिच्यापुढे उघडलं. पुढचा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. ती एक पान उजेडात नेऊन बघायची, परत यायची, उलट्या बाजूने बघायची. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी तिने बोट ठेवलं ते काळ्यावर नाहीच. ताज्या वांग्याच्या सालीचा जो जांभळट काळा असतो, तो. मला तो रंग मनापासून आवडला. मी बोलणार नव्हतो, म्हणून नुसती मान हलवली, आणि तिने ती बघितली.

घरी आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. झाकणाच्या कडेने थोडं थोडं उचलत गेलं की शेवटी टपकन आवाज येतो. हा आवाज मी हजारदा ऐकलाय. तिने तो पहिल्यांदा स्वतः काढला आणि लहान मुलीसारखी हसली. आत रंग काठोकाठ, चकचकीत, त्यावर एक सुरकुतीही नव्हती. आम्ही बराच वेळ नुसतं बघत बसलो. मग तिनेच पहिला हात मारला, आणि ब्रश चुकीचा धरला होता तरी मी काही बोललो नाही. दुसऱ्या हाताला बोललो.

आधीची ढगाळलेली एक भिंत तिने तशीच ठेवायला लावली. मी त्यावर बारीक ब्रशने दगडांचे सांधे ओढले आणि भिंत किल्ल्याची झाली. हिरवी रेघ पुसायला गेलो तर ती म्हणाली राहू द्या, दगडाला शेवाळ लागतंच. गुण्याने येऊन कमान बसवली, पुस्तक कपाटातून निघून टेबलावर आलं, पडदे लागले. खोली अशी झाली की मला माझ्याच घरात टोपी काढून जावंसं वाटलं.

डब्यात चार बोटं रंग उरला. सवयीने मी तो पडवीत नेऊ लागलो, तेवढ्यात शिंपीण खाली आली. वटवाघळांचं नाव तिने काढलं नाही. कमानीखाली उभी राहून इकडेतिकडे बघितलं, पदराशी चाळा केला आणि हळूच विचारलं की तिच्या पुढच्या दाराला पुरेल इतका हा रंग असेल का.

बायकोने माझ्या हातातून डबा घेतला. झाकण नीट दाबून बसवलं, कडेचा ओघळ फडक्याने पुसला, आणि माझ्याकडे न बघता, अगदी माझ्याच आवाजात शिंपिणीला म्हणाली,

"उरलेला आहे, पण चांगला आहे."