पिशवीतले दोन नारळ

दसरा झाला, गवत कंबरेला लागलं, की खानापूरच्या पुढच्या डोंगरात बेळगावची माणसं हिंडायला येतात. आपल्यातलीच माणसं. येऊ देत, डोंगर काय कुणाच्या बापाचा न्हाय. पण कोण अर्ध्या चड्डीवर येतं, कोण लग्नातली चप्पल घालून. मग जळवा चिकटल्या की बोंबलतात आणि परतीचा पाऊस आला की कुडकुडतात.

बेळगावच्या कॅम्पातले प्रेमानंद मास्तर मात्र शिस्तीचे. त्यांची टोळी निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर यादी जायची. लांब बाह्यांचा सदरा, मोज्यात खोचलेली जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट, काठी, बॅटरी, दोन बाटल्या पाणी, पावसाचा कोट, बदलायला एक सुका सदरा, गूळ-शेंगदाणे, शिट्टी. यादी चांगली होती. पण ती मागनं येणाऱ्यांची होती. सगळ्यांच्या पुढं गवत बाजूला सारत जाणारी रेणुका त्या यादीत नव्हतीच.

रेणुका म्हणजे जयाबाईची सून. नवरा गोव्याला कामाला. ही पाहुण्यांना वाट दाखवायची, दुपारी भाकरी-पिठलं करून घालायची. पायात रबरी स्लिपर. दोन वर्षांनी एकदाचं मास्तरांच्या ते नजरेत आलं आणि पुढच्या खेपेला त्यांनी तिच्या मापाचे बूट आणले.

जयाबाई कडाडली, "आमच्या सुना बूट घालत न्हाईत, मास्तर! थोरल्या घराच्या दारावरनं आम्ही आजूनबी चप्पल हातात घेऊन जातो."

खरंच होतं ते. थोरलं घर म्हणजे गावच्या मानकऱ्यांचा वाडा, त्याचं दार आलं की सुनांनी पायातलं काढायचं, दार मागं पडलं की घालायचं. जयाबाईनं चाळीस वर्षं हे पाळलं होतं, आणि तिला त्याचा ताठा होता.

रेणुकानं तोड काढली. बूट पिशवीतनं न्यायचे, वेशीबाहेर घालायचे. दोन रविवार निभावलं. मग गिरणीत कुणीतरी जयाबाईला बोललं, "काय गं आक्का, सून मिल्ट्रीत भरती केलीस व्हय?"

झालं! तिसऱ्या रविवारी सून भाकऱ्या थापत असताना जयाबाईनं पिशवीतले बूट काढून भाताच्या कणगीत पुरले. पिशवी हलकी लागू नये म्हणून आत दोन नारळ घातले.

वेशीबाहेर रेणुकानं पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढले.

"परत जाऊया," मास्तर म्हणाले.

"ऱ्हाऊंदे सर. पंधरा माणसं खोळंबल्यात. माझी रोजची वाट हाय ही."

मास्तरांनी ऐकलं.

ओढ्याच्या उतारावर गवतात घोणस होती. रेणुकाच्या उजव्या पायाला बोटांजवळच डसली. मास्तरांनी डसल्या जागी ब्लेड लावू दिलं न्हाय, पाय करकचून बांधू दिला न्हाय, हलू दिला न्हाय. काठ्या आणि पावसाच्या कोटांची झोळी करून दीड तास तिला सडकेपर्यंत उचलून आणली. बेळगावच्या दवाखान्यात जीव वाचला. पण अकराव्या दिवशी उजवं पाऊल अर्धं कापावं लागलं.

व्हरांड्यात जयाबाई भिंतीला टेकून बसली होती. "देवानं माझ्याच घरावर का आणलं हे?"

मास्तर तिच्या शेजारी फरशीवर बसले. "आक्का, देवाला मधी आणू नका. पिशवीत नारळ देवानं घातले न्हाईत."

"मी घराचा मान राखायला केलं, मास्तर."

"ज्या दारासाठी मान राखलासा, तिथलं कोण आलंय बघायला?"

 अकरा दिवसांत कोणी आलं नव्हतं.

"पाप एकट्या तुमचं न्हाय," मास्तर म्हणाले. "पंधरा जणांच्या मोज्यांची काळजी केली मी. तिच्या पायाकडं बघायला दोन वर्षं लावली. आणि त्या दिवशी मागं फिरलो न्हाय."

रेणुका घरी आली त्या दिवशी जयाबाईनं कणगीत हात घालून बूट बाहेर काढले, कोंडा झटकला. उजवा बूट आता सुनेच्या काही कामाचा नव्हता. दोघींचं माप एकच. जयाबाईनं दोन्ही स्वतःच्या पायात घातले आणि भर दुपारी, विळा घेऊन, थोरल्या घराच्या दारावरनं गवताला निघाली.

त्या घराच्या कट्ट्यावरचा म्हातारा खेकसला, "जयाबाई, पायात काय हाय ते?"

"माझ्या सुनंचं पाऊल हाय! सांगा, काढू?"

म्हातारा कट्ट्यावरनं उठून आत गेला. त्यानंतर त्या दारात कुठल्या सुनेनं पायातलं काढलं न्हाय.

रेणुका आता कुबडीवर चालते. सासूशी धड बोलत न्हाय. बोलावं असं मीही म्हणणार न्हाय, जयाबाईनं एवढं तरी सोसावं.

तर बंधू-भगिनींनो, डोंगरात जाताना अंगभर कपडे घाला, घोटा झाकणारे बूट घाला, पाणी, बॅटरी, कोट सगळं घ्या. पण पाऊल उचलायच्या आधी पुढं चालणारीच्या पायात बघा. तिच्या पायात बूट नसतील तर त्या दिवशी घरी बसा. आणि सासवांनो, ज्या मानासाठी सुनेचा पाय उघडा ठेवावा लागतो, तो मान चुलीत घाला!