डाव्या बाजूची टिकटिक

"श्श! आता कुणी बोलायचं नाही," असं म्हणत कानमिस्त्रींनी डोळे मिटले आणि मोटरसायकलच्या सीटखालच्या झाकणाला कान लावला.

सीटवर सिस्टर बसली होती. घरोघर जाऊन पेशंटच्या जखमा धुणारी, इंजेक्शनं देणारी. मोटरसायकल तिच्या वडिलांची, तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. डावीकडे वळताना इंडिकेटर मधेच दगा देतो, एवढीच तिची तक्रार होती. इंडिकेटर लावून ती श्वास रोखून बसली.

कानमिस्त्री हे नाव उगाच पडलं नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस गाड्या बघत नव्हता, ऐकत होता. दिव्याला उघडझाप करायला लावणारी जी छोटी डबी असते, त्या फ्लॅशरची टिकटिक संथ असेल तर सगळं ठीक. घाईची झाली तर कुठला तरी दिवा गेला. आणि टिकटिकच नसेल तर फ्लॅशर मेला. दिवे काय, कुणीही बघेल, त्याला मिस्त्री कशाला लागतो, असं ते म्हणायचे.

"फ्लॅशर गेला," डोळे उघडून त्यांनी निकाल दिला.

"पण काका, दिवा तर लागतोय!" सिस्टरने वाकून, उन्हाला हाताचा आडोसा करून पाहिलं. "हे बघा ना."

"सिस्टर, कुणाला किती ताप आहे हे मी तुम्हाला सांगायला येतो का?"

ती हसली. मागे स्टुलावर डब्यात नटबोल्ट निवडत बसलेल्या काकू, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, मात्र हसल्या नाहीत. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पुन्हा डब्यात मान घातली.

मिस्त्रींनी नवा फ्लॅशर बसवला, कान लावला. तोही गप्प. आधी घड्याळ मुकं झालं होतं, मग किल्ल्यांचा जुडगा, आणि आता हे. दोन फ्लॅशर एकदम मरत नाहीत, हे त्यांना चांगलं कळत होतं. तरीही हात पुसत ते म्हणाले, "झालं काम. जा बिनधास्त."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सिस्टर परत आली, ती मोटरसायकल ढकलत. एक आरसा गायब होता आणि कोपराला पट्टी होती. स्वतःच बांधलेली, एका हाताने, म्हणून वाकडी.

"डावीकडे वळत होते हो. समोरून त्याच गल्लीत वळणाऱ्या गाडीला कळलंच नाही," ती म्हणाली. "थोडक्यात निभावलं. आता जरा परत बघता का काका? अजून चार घरं राहिलीत माझी."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी तोंड उघडलं ते सबब सांगायलाच. जुनं वायरिंग, खड्ड्यांचे रस्ते, सबबींना काय तोटा? पण नजर त्या वाकड्या पट्टीवर गेली आणि शब्द भलतेच बाहेर पडले.

"मला ऐकू येत नाही."

नको तेवढ्या मोठ्याने म्हणाले. समोरच्या दुकानातल्या शिंप्यानेही मान वर केली.

"परवा काहीच ऐकू आलं नव्हतं सिस्टर. नव्या फ्लॅशरचंही नाही. तरी तुम्हाला जा म्हणालो."

काकू स्टुलावरून उठल्या. "मला येत होती ऐकू. जुन्याचीसुद्धा टिकटिक चालू होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड पडलं असतं. म्हटलं, झाकली मूठ..." त्यांनीही त्या कोपराकडे पाहिलं. "माझंच चुकलं गं बाई."

"आता रडारड पुरे," सिस्टर म्हणाली. "गाडी बघा आधी."

कडक उन्हात दिवा धड दिसत नव्हता. पण काकूंनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पदर खोचून त्या गाडीशी उकिडव्या बसल्या, झाकणाला कान लावला आणि मिस्त्रींचा डावा हात ओढून घेतला. परक्या बाईसमोर, भर रस्त्यावर. मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. काकूंनी त्यांच्या तळव्यावर बोटाने ठोके द्यायला सुरुवात केली. एक. एक. एक. संथ.

"सिस्टर, हँडल हळूहळू डावीकडे वळवा," मिस्त्री म्हणाले.

हँडल वळत गेलं आणि तळव्यावरचं बोट एकाएकी धावायला लागलं.

"थांबा! तिथंच धरा!"

उजव्या हाताने त्यांनी हँडलच्या मानेशी वायरींची जुडी चाचपली. एक पिवळी वायर वरून धडधाकट होती, पण आत तुटलेली. हँडल सरळ असलं की टोकं चिकटत, वळलं की सुटत आणि पुढचा दिवा जाई. वळायच्या ऐन वेळीच. मिस्त्रींनी ती सोलली, टोकं पिळून सोल्डरचा डाग दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली.

"आता?"

काकूंनी पुन्हा कान लावला, पुन्हा हात घेतला. सिस्टरने हँडल पार डावीकडे नेलं, परत उजवीकडे, परत डावीकडे. तळव्यावरचा ठोका जराही घाई करेना.

"जमलं एकदाचं," म्हणत सिस्टरने इंडिकेटर बंद केला आणि पिशवी खांद्याला अडकवली.

काकूंचं बोट मात्र थांबलं नाही. बटण बंद झालेलं मिस्त्रींनी पाहिलं होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही.