एकोणतिसाची फी

या, बसा. माझ्यावर नको, माझा एक खिळा वर आलाय. चड्डी फाटली तर घरी शिव्या मलाच बसतील. असे समोर बसा. एक गोष्ट सांगतो. गोड नाहीये, पण माझ्या डोक्यावर घडलीय, म्हणून तिच्यात एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही.

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. खोका म्हटलं की मोठी माणसं एकमेकांना डोळे मारतात, त्यांच्या भाषेत तो म्हणजे पैशाचा डोंगर. मी तसला नव्हे. मी आपला हलक्या लाकडाचा, साबणाच्या वड्या भरून आलेला. कारखान्यात मला ठोकला तेव्हा कुणी धड बघितलंसुद्धा नाही. चार खिळे इकडे, चार तिकडे, चल पुढे. वड्या संपल्या की माझे भाऊबंद चुलीत जायचे. मीही गेलो असतो. पण मी ज्या किराणा दुकानात आलो तिथला काउंटर उंच होता. लहान पोर आलं की नुसते केस दिसायचे आणि नोट धरलेला हात. दुकानदाराने मला उलटा केला आणि काउंटरपुढे टाकला. मी उलटा झालो आणि माझं नशीब सुलटं झालं. निदान मला तसं वाटलं.

पोरं माझ्यावर चढायची, काउंटरवर कोपरं टेकायची आणि मोजायची. मला त्यांची तोंडं दिसत नसत, पण पाय कळायचे. हिशोब जमला की टाचा वर उचलायच्या. अडलं की पायांचे अंगठे आत वळायचे. आया म्हणायच्या, खोका ठेवलात ते बरं केलंत, पोरं व्यवहार शिकतात. मी फुगायचो. लाकूड पावसाने फुगतं म्हणतात, कौतुकानेही फुगतं.

आता दुकानदाराचं सांगतो. त्याला सगळे गमत्या म्हणायचे. माणूस हसरा, तोंडाने गोड. गिऱ्हाईक हसलं की दोन वस्तू जास्त घेतं, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि गिऱ्हाइकाला हसवायला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे मोजताना चुकणारं पोर.

मागच्या गल्लीत एक पोर राहायची. अंगाने बारीक, उंचीने त्याहून कमी. गमत्यानेच तिचं नाव बुटकी पाडलं, मग गल्लीभर तेच झालं. बाप ट्रकवर, घरी महिन्यातून एखादी रात्र. आई जिन्यावरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. मग सामान आणायला कोण? बुटकी. मोजायला नुकती शिकलेली. वीसपर्यंत फर्डी, पुढे जरा चाचपडत.

पहिल्याच दिवशी गमत्या म्हणाला, एकोणतीस झाले.

आता मित्रांनो, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तुम्हाला येतं. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्या कानाला त्यात काय ऐकू येतं? तीस ऐकू येतं, आणि एक ऐकू येतो. कमी कुठे ऐकू येतं? पोरीने विचार केला, माझ्यावर तिचे अंगठे आत वळले, आणि तिने दहाच्या तीन नोटा ठेवून वर रुपयाचं एक नाणं ठेवलं.

गमत्याने ते चारचौघांना दाखवलं. "बघा हो, तिसावर एक. आमच्या बुटकीचं गणित उंच आहे." दुकान हसलं. मग त्याने वरचं ते नाणं आणि तिसातला उरलेला रुपया, अशी दोन नाणी परत दिलीच नाहीत. म्हणाला, चुकलीस ना, ही शिकवणीची फी. दुकान आणखी हसलं. पोरगीही हसली. सगळे हसत असले की लहान माणूसही हसतं, त्याला वाटतं आपणही त्यांच्यातलेच.

मला वाटलं, एक दिवसाची गंमत. कसली! गमत्याला पोरीची दुखरी नस सापडली होती. ती आली की साखर चिमूटभर कमीजास्त करायची आणि आकडा बरोबर एकोणवर आणायचा. आज एकोणतीस, परवा एकोणचाळीस, पुढे एकोणपन्नास. दर वेळी पोरगी एक चढवायची, दर वेळी दोन नाणी गल्ल्यात. एकोण म्हणजे एक उणा, एवढे चार शब्द बोलायला त्याची जीभ झिजली नसती. पण मग गंमत संपली असती.

आणि त्या दुकानात गोळी मिळायची दोन नाण्यांना.

कळलं का? घरी आई पैसे मोजायची, दोन कमी. बरणीतली गोळी दोनला. आईने काय समजायचं? ती पोरीला जवळ ओढून तिचं तोंड हुंगायची. वास आला नाही तर म्हणायची, चूळ भरून आलीस, फार शहाणी झालीस. मग मार.

हे मला कसं कळलं? शेजारची बाई तेल घ्यायला आली होती, तिने सांगितलं. गमत्यालाच सांगितलं, की तुमच्या त्या दोन नाण्यांपायी पोर रोज मार खातेय.

गमत्या तेल ओतत म्हणाला, "मग लवकर शिकेल."

बाईने पैसे मोजले. तेल घेऊन गेली. पोरीच्या आईला सांगायला मात्र गेली नाही. कोण कशाला वाईटपणा घेतो.

तुम्ही म्हणाल, पोरीने स्वतःच का नाही सांगितलं? तिने एकदा दुसऱ्या एका पोराला माझ्यावर बसून सांगितलं होतं ते ऐका. फी घेतली असं सांगितलं तर आईला कळेल की मला मोजता येत नाही. चोर म्हणाली तर म्हणू दे. आई तिला ढ म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती मार खात होती.

प्लास्टर निघालं. आई काठी टेकत दुकानात आली, पोरीला दंडाला धरून. भरल्या दुकानात म्हणाली की माझ्या पोरीला गोळ्या विकत जाऊ नका, ती पैसे चोरते.

गमत्या म्हणाला, "ताई, मी हिला आजवर एक गोळी दिलेली नाही." खोटं नव्हतं ते. म्हणून जास्त लागलं. आईची बोटं दंडात आणखी रुतली. मग पैसे जातात कुठे, म्हणाली, आज माझ्यासमोर दे.

बुटकी माझ्यावर चढली. तिचे अंगठे आधीच आत वळलेले होते. गमत्याने सामान काढलं, आणि सवय बघा, जिभेवर आकडा तोच आला. एकोणपन्नास.

पोरीने पाच नोटा ठेवल्या. वर एक नाणं ठेवलं. गमत्याचा हातही सवयीने पुढे आला, सगळं गोळा करून गल्ल्यात टाकता झाला. त्याने परत काही दिलं नाही आणि पोरीने मागितलंही नाही. ती उतरायला निघाली.

आई म्हणाली, "थांब. एकावन्न का दिलेस?"

"पन्नास," पोरगी म्हणाली, "आणि एकोणचा एक. आणि चुकलं असलं तर काकांची फी."

दुकान हसलं. तिथे ते रोजचंच हसू होतं. गमत्याला जरा घाम फुटला, पण हसण्याने त्याला आधार दिला. अहो ताई, म्हणाला, शाळेत फी भरताच ना, ही आमची शाळा, घ्या, आजची फी माफ. आणि दोन नाणी काउंटरवर ठेवली. आजचीच.

आईला सगळं समजलं होतं. मला काठीवरून कळत होतं, काठी माझ्या फळीला टेकलेली होती आणि हलत होती. कुठली दोन नाणी, कुठला मार, कुठलं हुंगणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. पोरगी वळून तिच्याकडे बघत होती. मी वाट बघत होतो की आता ही बाई त्या गमत्याचा गल्ला उलटा करते.

पण दुकान भरलेलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. आणि लाज मोठी वाईट, ती माणसाला गर्दीच्या बाजूला ढकलते. आई हसली. सगळ्यांसारखीच हसली. पोरीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "ढ आहेस ग, ढ."

पोरगी माझ्यावरून उडी मारायची नेहमी. त्या दिवशी पाठमोरी उतरली, पायाने जमीन चाचपत, शिडीवरून उतरतात तशी. पुन्हा चढली नाही.

पुढे ती उंच झाली. शाळेत गणितात पासही झाली म्हणे. पण दुकानात आली की तळहात पसरायची, वर सगळे पैसे, आणि म्हणायची, तुम्हीच घ्या. गमत्या घ्यायचा. किती घ्यायचा ते मला खालून दिसायचं नाही.

आता दुकानात मोबाईलवर पैसे जातात, पोरं खोक्यावर चढत नाहीत. मला मागच्या खोलीत टाकलाय, माझ्यावर फरशी पुसायची बादली असते. त्याचं दुःख नाही. लाकूड कुजायचंच.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. कधी तुमच्यापुढे एखादं लहान पोर पैसे मोजत असेल, बोटं मुडपत असेल, चुकत असेल. थांबा. त्याला पुन्हा मोजू द्या. चुकलं तर ते मागे वळेल आणि कुणा एकाच्या तोंडाकडे बघेल. ते तोंड तुमचं असलं, तर सगळं दुकान हसत असलं तरी तुम्ही तेवढे हसू नका.