मेलेला नावाडी चहा पितो

"पाचव्या, लेका, दिव्याची काच कोरड्या फडक्यानं पुसतात. तू ओलं लिहिलंयस. गरम काचेला ओलं फडकं लागलं तर तडकेल की नाही? डोकं कुठे ठेवून लिहितोस?"

हे मला लिहिलेलं होतं. तेव्हा माझी पंच्याहत्तरी उलटून गेली होती, दोन्ही गुडघे कामातून गेले होते, आणि जन्मात मला कोणी 'लेका' म्हटलं नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि एकटीच हसत बसले. मग गोष्टीतलं फडकं कोरडं केलं.

लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव 'खिळा' ठेवलं होतं. माझं नाव होतं 'पाचवा बोर्ड'. ज्या साइटवर मी गोष्ट लिहायची, तिथं सगळ्यांची अशीच टोपणनावं असतात. माझ्या नावाचा अर्थ कोणालाच कळला नाही. कळण्यासारखा नव्हताच.

तरुणपणी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. लांबलचक खोली, भिंतीला लागून बोर्ड, प्रत्येक बोर्डासमोर उंच स्टुलावर एक मुलगी. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड. याचा प्लग काढ, त्याचा लाव. पाचवा बोर्ड माझा. शेजारी चौथ्या बोर्डावर जी बसायची तिला मी 'चौथी' म्हणायची, ती मला 'पाचवी'. आमच्या विश्रांतीच्या खोलीत एक रेडिओ होता, त्यावर आठवड्यातून एकदा दीपगृहाची मालिका लागायची. खडकावरचं दीपगृह, दिवा सांभाळणारा दिवेवाला, त्याच्याकडे येऊन राहिलेली त्याची विधवा बहीण, आणि होडीतून तेल आणि टपाल आणून देणारा म्हातारा नावाडी. एवढीच माणसं. त्या दिवशी ड्यूटी बदलून घ्यायला मुली एकमेकींच्या पाया पडायच्या.

आणि एका संध्याकाळी बहीण दिवा लावायला जिना चढायला लागली, मालिकेचं संगीत वाजलं, आणि पुढच्या आठवड्यापासून त्या वेळेला बाजारभाव लागायला लागले. का, ते कोणी सांगितलं नाही. बहीण जिन्यातच राहिली.

मग तिला वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. डबे उघडले की कोणीतरी म्हणायचं, "पाचवे, सांग पुढं." मी सांगायची. चौथीला पटलं नाही की ती घास हातात धरून म्हणायची, "हॅट्! बहीण असं कधी बोलायची नाही. तू तिला स्वतःसारखी भांडकुदळ केलीस." मी चिडायची आणि दुसऱ्या दिवशी बदलून सांगायची. तेव्हा याला काही नाव असतं हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्हाला वाटायचं, आपण नुसत्या गप्पा मारतोय.

चौथी गेली त्याला बरीच वर्षं झाली. माझे यजमान गेले त्यालाही झाली. यजमान म्हणजे मी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणणारे. भाजीत मीठ बरोबर आहे म्हटलं तरी वाद. ते गेल्यावर घर फार शांत झालं. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, कोणी मला वाकडा शब्द बोलत नाही. माझं म्हणणं खोडून काढणारं माणूस तेवढं घरात उरलं नाही. एकदा बुधवारी सकाळी मी मुद्दाम म्हटलं, "आज रविवार ना रे?" मुलगा फोनमध्ये बघत म्हणाला, "हो आई." आणि बूट घालून ऑफिसला गेला.

मधल्या काळात त्या रेडिओच्या मालिकेची टीव्हीवर मालिका झाली, आणि हल्ली पुन्हा एकदा, नव्या संचात. दिवेवाला आता तरणाबांड होता, दाढीवाला. माझी नात आणि तिच्या मैत्रिणी त्याच्यावर लट्टू. तिनंच मला ती साइट दाखवली.

"आजी, हे बघ. मालिका संपली तरी लोक पुढं लिहितात. ज्याला जे हवं ते. याला फॅन फिक्शन म्हणतात."

"आणि वाचणारे?"

"वाचतात, खाली लिहितात. कधीकधी जाम धुतात."

"मग मला शिकव," मी म्हटलं.

दुपारी घर रिकामं असायचं. जेवणाच्या टेबलावर नातीचा जुना लॅपटॉप ठेवून मी एकेका बोटानं लिहायची. बहिणीला मी जिन्यातून वर नेलं, दिवा लावून दिला. आणि वाचणारे आले. दिव्याच्या वातीबद्दल, तेलाच्या वासाबद्दल मी इतकं बारीक लिहायची (रेडिओवर ऐकलेलं सगळं डोक्यात होतं) की त्यांनी ठरवूनच टाकलं, हा पाचवा बोर्ड म्हणजे कोणीतरी जहाजावरचा माणूस असणार. तिशीतला, अबोल, थोडा घुम्या. एका मुलीनं विचारलं, "पाचव्या, तुझं लग्न झालंय का रे?" झालं होतं, संपलंही होतं, मी उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, "हा बायकांबद्दल असा लिहितो म्हणजे याला चार-पाच बहिणी असणार." एक्स्चेंजमध्येही असंच व्हायचं. नुसत्या आवाजावरून पलीकडची माणसं आमची रूपं ठरवायची. मला त्यात गैर काही वाटलं नाही. चेहरा ते आपल्या पदरचा लावत, पण कान माझ्याकडे असायचा.

सगळ्यांत जास्त खिळ्याचा. हा प्राणी दर प्रकरणाला काहीतरी उपटून काढायचा. "तिसऱ्या प्रकरणात दिवेवाल्याचा डावा पाय अधू होता, आज उजवा लंगडतोय. पाय बदलून मिळतात का तुझ्याकडे?" नाहीतर, "बहीण एवढं लांबलचक बोलते ते सगळं काढून टाक. ती नुसती खिडकी लावून घेईल." मी दिवसभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडायची, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची, आणि शेवटी पुष्कळदा त्याचंच ऐकायची. ऐकलं नाही तर लिहायची, "खिळ्या, तुला बायकांतलं काही कळत नाही." तो लिहायचा, "आणि तुला होड्यांतलं." चौथीनंतर, यजमानांनंतर, इतक्या बरोबरीनं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

नावाडी मी बुडवला तेव्हा केवढा गहजब झाला! वादळात तेलाचे डबे घेऊन येताना त्याची होडी खडकावर फुटते. ते प्रकरण लिहिताना मी यजमानांच्या शेवटच्या दिवसांतलं काही काही त्यात घातलं, कोणाला न सांगता. बहीण त्याचा कप धुऊन पालथा घालते आणि मग पुन्हा सुलटा करून ठेवते, ते तिथलंच. वाचणाऱ्यांनी मला फाडून खाल्लं. "पाचव्या, तू खुनी आहेस." "यापुढं तुझं वाचणार नाही." खिळा बरेच दिवस काही बोललाच नाही. मग आला आणि लिहिलं, "नावाड्याला मारायचा तुला अधिकार नव्हता. पण कप सुलटा केलास तिथं मी उठून गच्चीत जाऊन आलो. लेका, हे कुठून आणलंस?"

मी उत्तर दिलं, "घरातूनच." त्या दिवशी मी स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा केला.

माझ्या वाढदिवसाला नातीनं मला आनंदाचा धक्का द्यायचं ठरवलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. टेबलाशी बसलेल्या माझा एक फोटो तिनं गुपचूप काढला होता: शाल, नाकावर घसरलेला चष्मा, एक बोट हवेत. तो तिनं साइटवर टाकला. खाली लिहिलं, "भेटा पाचव्या बोर्डाला! ही माझी आजी."

संध्याकाळी ती नाचतच आली. "आजी, बघ तरी! हजारो बदाम आलेत."

खरंच आले होते. पत्त्यांतल्यासारखे लाल लाल बदाम, पानभर. "किती गोड आजी!" "या वयात कॉम्प्युटर! सलाम." "माझी आजी आठवली, रडू आलं." "आजी, तब्येतीला जपा." ज्यानं मला खुनी म्हटलं होतं त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी खाली खाली जात राहिले. शेवटी सापडला.

"आजी, नमस्कार," खिळ्यानं लिहिलं होतं. "मला माहीत नव्हतं. मी तुमच्याशी फार उद्धटपणे बोललो, लहान समजून माफ करा. तुम्ही असंच लिहीत राहा."

मी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. नात म्हणाली, "रडतेस काय? आनंदानं ना?" मी मान हलवली. तिनं आखलेल्या बेतावर पाणी कशाला ओतू?

पुढचं प्रकरण मी जीव ओतून लिहिलं. दिवेवाला आणि बहीण यांचं भांडण. बहीण म्हणते, तू मला दिव्यासाठी ठेवलंस, मी तुला माणूस कधी वाटलेच नाही. चौथी असती तर निदान तासभर हॅट् हॅट् करत बसली असती. खाली आलं, "आजी रॉक्स!" खिळ्यानं लिहिलं, "सुंदर, आजी." मी त्याला वेगळं लिहून विचारलं, "भांडण जास्त लांबलं का? खरं सांग. पूर्वीसारखं सांग." त्याचं उत्तर आलं, "छे हो आजी, तुमच्या वयात एवढं जमतं हेच खूप आहे. आम्ही काय बोलणार?"

पूर्वी हाच माणूस माझी ओळ न ओळ खरवडायचा.

मग मी नातीला न सांगता नवं टोपणनाव घेतलं आणि नवी गोष्ट सुरू केली. त्याच दीपगृहाची, पण वेगळ्या माणसांची. पहिल्याच प्रकरणाखाली कोणीतरी ओरडलं, "अरे, वातीचं वर्णन बघा! ही तर आपली आजी!" आणि पुन्हा बदामांचा पाऊस. "लबाड आजी! लपून बसते!" माझा हात त्यांना ओळखू यावा इतपत वाचलं होतं त्यांनी मला, कधीकाळी. लपायलासुद्धा जागा उरली नाही.

तेव्हा मी ती युक्ती केली. जुन्या गोष्टीचं पुढचं प्रकरण लिहिलं आणि त्यात नावाडी आणला. बुडालेला, ज्याच्यासाठी ते रडले होते, तो. भूत नाही, स्वप्न नाही, काही खुलासा नाही. तो जिना चढून येतो, डोक्याची टोपी झटकतो, बहिणीला म्हणतो, "ताई, चहा टाका." ती त्याच्याच कपात चहा देते. तो बशीत ओतून पितो, वल्ह्याला नवी दोरी गुंडाळतो आणि जातो. इतकी ढळढळीत चूक मी उभ्या आयुष्यात केली नव्हती. याच्यावर खिळा गप्प बसूच शकत नाही, मी स्वतःला सांगितलं. तो म्हणणार, "लेका, मेलेली माणसं चहा पितात का?" मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

सकाळी पानावर बदाम होते. "किती छान, आजी." "चहाचा प्रसंग मस्त!" खिळ्याचा एक बदाम होता. शब्द नाही.

नात कॉलेजला निघाली होती. मी तिला थांबवलं.

"नवं प्रकरण वाचलंस?"

"हो ना. भारी झालंय."

"नावाडी काय करतो त्यात?"

"चहा पितो. क्यूट आहे तो."

"अगं, तो मेलाय. वादळात. मीच मारलाय."

मग तिनं माझ्या गालाला हात लावला. "असू दे गं आजी, होतं असं कधीकधी. तू नको टेन्शन घेऊस. तुझी गोष्ट आहे, काहीही होऊ शकतं." दारातून वळून म्हणाली, "आणि गोळी घे."

मग मला उमगलं. काहींनी वाचलंच नव्हतं. आणि ज्यांनी वाचलं त्यांना दिसलं होतं. दिसलं आणि त्यांनी पांघरूण घातलं, जसं घरातली माणसं माझ्या बुधवारच्या रविवारावर घालतात. खिळ्यालाही दिसलं असणारच; त्याच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. त्यानं बदाम टाकला, कारण म्हाताऱ्या बाईला काय सांगायचं?

दुपारी जेवून मी उगीच त्या साइटवर इकडेतिकडे हिंडत होते. कोणा नव्या पोरानं दीपगृहाची गोष्ट लिहायला घेतली होती. 'उंबरा' असं काहीतरी त्याचं नाव. गोष्ट यथातथाच. खाली खिळा होता, पानभर.

"उंबऱ्या, लेका, ओहोटीला होडी खडकाला लागेल कशी? आणि दिवेवाल्याचा पाय परत उजवा केलास. तुझ्या आधी इथं एक पाचवा बोर्ड होता, त्यानंही हीच चूक केली होती. तो फार ताकदीचा लिहायचा. त्याचं जुनं वाच, मग लिही."

होता, लिहायचा. मी ते वाचत बसले. त्या पाचव्याची मलासुद्धा आठवण आली.

ते प्रकरण मी काढून टाकलेलं नाही, दुरुस्तही केलेलं नाही. पुढचं लिहिलेलं नाही. अधूनमधून उघडून बघते. बदाम वाढलेले असतात. नावाडी वर चढून येतो, टोपी झटकतो, चहा मागतो. बहीण देते. ती ओरडत नाही, दचकत नाही, तू तर मेलास असं त्याला म्हणत नाही. गोड हसते आणि विचारते, साखर पुरे ना?