बोटं न उमटलेले गोळे

मळलेला गोळा ठेवायचा असेल तर त्याच्यावर बोटं उमटवायची, हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. नांदेडला आई करायची, म्हणून मी करते. गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड. तो तसाच ठेवला की ज्यांचं काही राहून गेलंय ते खायला येतात, असं आई म्हणायची. चार बोटं दाबली की ते नुसतं पीठ. चाळीस वर्षं बिबवेवाडीत काढली तरी ही सवय सुटली नाही. माझी सून दीपमाला त्यावर हसायची.

दीपमाला गेली त्याला दहा महिने झाले. डेंग्यूचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. माझा मुलगा सुदर्शन कंपनीच्या कामासाठी महिन्यातले वीस दिवस बंगळूरला असतो. घरात मी आणि नऊ वर्षांची नात शेफाली.

त्या रविवारी दुपारी शेफालीने आईची वही काढली आणि म्हणाली, "आजी, चॉकलेट चिप कुकीज करू या. मम्मीच्या रेसिपीने."

"पितृपंधरवड्यातच बरे डोहाळे लागतात तुला. बाकीचे दिवस काय रजेवर होते?" मी म्हटलं. पण पोरीचा चेहरा असा उतरला की मी मुकाट्याने मैदा चाळायला घेतला.

वहीत दीपमालाचं बारीक अक्षर होतं. 'अंड्याऐवजी दही, आईंना अंडं चालत नाही.' आई म्हणजे मी. जिवंत होती तेव्हा मी तिला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. वही बाजूला ठेवून मी लोणी फेसत बसले.

मैदा, साखर, कोको आणि मूठभर चॉकलेटचे दाणे घालून पीठ झालं. शेफालीने बारा गोळे वळले, चांगले सुबक. ताटलीत मांडून ती म्हणाली, "आता एक तास फ्रिजमध्ये." मी सवयीने एकेका गोळ्यावर बोटं दाबली.

"आजी! शेप गेला ना! मम्मीने लिहिलंय, राउंडच ठेवायचे."

"तुझ्या मम्मीला सांग, माझ्या घरात असंच असतं." मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली.

तासभर आम्ही दोघी हॉलमध्ये होतो. ती चित्र काढत होती, मी तिच्यासमोर भाजी निवडत होते. दोघींपैकी कुणी उठलं नाही, हे मी देवाशपथ सांगते. फ्रिज उघडला तर बाराच्या बारा गोळे गुळगुळीत. एकावरही बोटाची खूण नाही.

मी शेफालीवर ओरडले. ती रडवेली होऊन म्हणाली, "मी तर तुझ्यासमोरच होते." खरं होतं. थंडीत पीठ फुगलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. असं काही होत नाही हेही मला कळत होतं. मी पुन्हा बोटं दाबली, या वेळी पार तळाला टेकेपर्यंत. ताटली आत ठेवली आणि फ्रिजला पाठ लावून स्टुलावर बसले. बघू कोण येतंय.

कुणी आलं नाही. दहा मिनिटांनी उठून दार उघडलं. गोळे पुन्हा गोल झाले होते. मी एकाला हात लावला. फ्रिजमधला गोळा, पण कोमट होता. आत्ताच कुणीतरी तळहातावर वळून ठेवल्यासारखा.

मी हात झटकन मागे घेतला. मागून शेफाली अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मी म्हणते, आजीची बोटं नकोत."

"कोण म्हणतं?"

"मम्मी. आणि ती विचारतेय, तू मला मांजरीला, त्या आजीकडे कधी पाठवणार? तू प्रॉमिस केलंस ना, नदीवर?"

 मी फ्रिजचं दार लावून टाकलं.

दीपमालाच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. आम्ही दोन तास घाटावर ताटकळत होतो. सुदर्शन हात जोडून म्हणाला, पोरीला खूप शिकवीन. दीपमालाची आई मैनाबाई म्हणाल्या, तुझं सगळं नीट करू गं. कावळे झाडावर बसून राहिले. तिला काय हवंय ते फक्त मला ठाऊक होतं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "आई, शेफालीला माझ्या आईकडे ठेवा. हे सारखे बाहेर. तुमच्याने होणार नाही." मला तिचा राग आला होता. मरतानाही मलाच कमी लेखते, असं वाटलं होतं. पण घाटावर मी पुढे झाले आणि पदराआड पुटपुटले, "पाठवते मांजरीला." कावळा लगेच उतरला. ते मी कुणाला सांगितलं नाही, पाळलंही नाही. शेफाली गेली तर मी कुणाशी बोलू? सकाळी कुणाची वेणी घालू? म्हणून खोटं बोलले. मेलेल्या माणसाशी खोटं बोलले.

काय करावं ते सुचेना. मी गोळे तसेच ट्रेवर मांडले आणि ओव्हन लावला. घरभर वास सुटला. दहा महिन्यांपूर्वी रविवारी यायचा तसाच. तेवढ्यात मागे दार वाजलं.

शेफाली बूट घालून, पाठीला दप्तर लावून उघड्या दारात उभी होती. त्या दाराची वरची कडी मी दुपारीच लावली होती. शेफालीचा हात तिथवर पोचत नाही.

"कुठे निघालीस?"

"मम्मीबरोबर. ती म्हणाली, आजी काही सोडणार नाही, मीच नेते."

मी धावत जाऊन तिचा डावा हात पकडला. तिचा उजवा हात जरा वर उचललेला होता, मोठ्या माणसाने धरल्यावर मुलांचा असतो तसा. मी ओढलं. शेफाली जागची हलली नाही. एवढीशी पोर, पण मला हलवता येईना. दुसऱ्या बाजूला जोर होता.

तेव्हा मला कळलं की मी कोणाशी ओढाताण करतेय, आणि हरले तर पोर कुठे जाईल. माझा सगळा ताठा गळून पडला.

"दीपमाला, तू नको नेऊस गं," मी म्हणाले. "तुझ्या पाया पडते. मी पाठवते मांजरीला. आत्ता पाठवते."

शेफालीचा हात न सोडता मी मोबाइलवर मैनाबाईंना फोन लावला.

"विहीणबाई? रडताय का? काय झालं?"

"मैनाबाई, शेफालीला घेऊन जा. कायमची. आजच या. दीपमालाची तशी इच्छा होती. मी लपवलं तुमच्यापासून."

 मग त्या म्हणाल्या, "केदारला गाडी काढाया सांगते. पर तुमी वो? तुमी एकल्या कशा ऱ्हाणार?"

 शेफालीचा उजवा हात हळूच खाली आला.

मैनाबाई आणि त्यांचा मुलगा केदार तासाभरात आले. कुकीज झाल्या होत्या. मी त्या डब्यात भरल्या, कपडे बॅगेत घातले, सुदर्शनला फोन करून सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग तयार झाला. शेफालीने मला घट्ट मिठी मारली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आजी, शनिवारी येशील ना?" तिला मधलं काही आठवत नव्हतं.

मी गॅलरीतून बघत होते. शेफालीने गाडीचं मागचं दार उघडलं आणि बाजूला सरून थांबली, मोठ्यांना आधी चढू द्यावं तशी. मैनाबाई तर केव्हाच पुढे बसल्या होत्या. क्षणभराने ती आत शिरली, कडेला अंग चोरून बसली आणि दार लावून घेतलं.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी आत आले. म्हणजे दहा महिने दीपमाला इथेच होती. शेफाली शाळेत गेली की मी एकटीच आहे असं समजून टीव्ही मोठ्याने लावत होते, भांडी आपटत होते, आणि ती घरात होती.

"दीपमाला," मी हाक मारली. दुपारभर जिच्या भीतीने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तिने ओ द्यावी म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात अंधार पडेपर्यंत उभी राहिले.