मध्यंतरानंतरचा सिनेमा

मध्यंतराचे दिवे लागले तसा समीक्षक उठला आणि चालू पडला. उरलेला अर्धा सिनेमा बघायची त्याला कधी गरजच वाटत नसे. वाचक त्याला ‘कात्री’ म्हणायचे आणि हा शहाणा त्यावर खूश असायचा.

राहायला होता थोरल्या भावाकडे. लग्नाचा विषय काढला की अंगावर यायचा. टाइप करता येत नाही अशी थाप त्याने घरात कायमची मारून ठेवली होती, म्हणून परीक्षण तो सांगायचा आणि वहिनी टाइप करायची. संध्याकाळच्या त्या तासासाठीच तो जगत होता. दिवसभर जगाला नावं ठेवणाऱ्या माणसाची एवढीच काय ती मिळकत!

“घ्या लिहून, वहिनी. ‘दीर वहिनीवर जीव टाकतो, एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खा वाद्यवृंद राबवलाय. नायकाचे उसासे प्रेमाचे की दम्याचे, कळायला मार्ग नाही. भाऊ तर इतका मठ्ठ, की त्याच्याआधी घरातल्या कपाटाला संशय यावा.’”

वहिनी खुदकन हसली. ती हसली की याला चेव यायचा.

“आता एक तरी बरं सांगा, भाऊजी.” हा तिचा नेहमीचा नियम. “बिचाऱ्यांनी मेहनत केली असेल.”

बरं काही आठवेना. मग त्याने बेधडक ठोकून दिलं, “‘एकच प्रसंग अस्सल. वहिनी चष्मा टेबलावर ठेवून आत जाते. दीर तो उचलतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, होता तसा ठेवतो. रोज. तिला पत्ताही नसतो.’”

तिची बोटं थांबली.

“हे सिनेमात नाहीये.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“कालच बघून आलो, मी आणि हे. शेवटपर्यंत.”

तिने चष्मा काढून दिव्यासमोर धरला. काचा लख्ख होत्या.

“मला वाटायचं, हे पुसतात,” ती म्हणाली.

भल्याभल्यांची सालं काढणाऱ्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हा तास आता गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने एखाद्या सिनेमाचा शेवट विचारला.

“पुढे काय होतं?”

“मध्यंतरापर्यंत टाकाऊच आहे, खरं आहे तुमचं. नंतर बरा होतो. तिला कळतं. ती रडत नाही, ओरडत नाही, नवऱ्याला सांगतही नाही. मग तो आपणहून दुसरीकडे खोली बघतो. तेवढं मला पटलं.”

आतून भावाने हाक मारली, “काय रे, आज कुणाची खैर नाही?”

वहिनीने ते अर्धवट परीक्षण त्याच्यापुढे सरकवलं आणि ती आत गेली. चष्मा मात्र तिने सोबत नेला.